बिराजदार बाईंचा कूलर

बिराजदार बाई स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायच्या. त्यामुळे त्यांच्या पर्समध्ये काय काय असतं हे मला नाइलाजानं पाठ झालं होतं. टेस्टर, चिकटपट्टी, रबरबँडांचा गुंता, कसले कसले स्क्रू आणि सगळ्याच्या तळाशी रुमाल. हा रुमाल वेळेवर सापडलेला मी एकदाही पाहिला नाही. घाम आला की त्या पदर हातात घ्यायच्या, मध्येच थांबायच्या आणि माझ्याकडं वळून म्हणायच्या, "बघा सर, घाम पुसला की तेवढं गार वाटत न्हाय. वाळू दिला की वाटतं. का बरं?" मी मराठीचा मास्तर. मला काय विचारता, असं म्हणून मी वर्तमानपत्र आडवं धरायचो. त्यांना माझ्याकडून उत्तर नकोच असायचं. प्रश्न पडल्यावर माणसाचं तोंड कसं होतं, ते बघायला त्यांना आवडायचं.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. आजूबाजूच्या गल्ल्यांतून यंत्रमागांची खडखड दिवसभर चालू. नवीन शिक्षक आला की पहिल्या महिन्यात त्याचा घसा बसतो, मग तो ओरडायला शिकतो. बाईंना ते शिकावं लागलं नसणार. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून त्या आलेल्या. शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायची सवय. घरी कन्नड, शाळेत मराठी आणि राग आला की दोन्हींची भेळ. कुणी काही ठामपणे सांगितलं की त्या मान तिरकी करून म्हणायच्या, "हौदा?" म्हणजे, असं का? एवढ्या एका शब्दानं त्यांनी वर्गातल्या भल्याभल्या हुशार मुलांची दांडी उडवली. मुख्याध्यापकांना आम्ही हेडसर म्हणतो. त्यांनी सभेत "यंदा शिस्त सुधारली आहे" असं म्हटलं तरी कोपऱ्यातून "हौदा?" यायचं, आणि हेडसर चष्मा काढून पुसायला लागायचे.

दहावीच्या पुस्तकाचं नाव 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'. इतर शिक्षक पहिलं पान उलटून पहिल्या धड्याला हात घालतात. बाई पहिले काही तास नुसत्या त्या नावावर घालवायच्या. माझा वर्ग शेजारीच, मध्ये प्लायवूडची भिंत, त्यामुळे दरवर्षी माझ्या कवितेत त्यांचं विज्ञान मिसळायचं.

"ह्या दोघांतलं आधी कोण आलं?" त्या विचारायच्या.

"विज्ञान!" सगळा वर्ग.

"हौदा?"

मग डबा उघडल्याचा आवाज. डब्यातून कडक भाकरी निघायची. ज्वारीची, पापडासारखी पातळ. ती त्या टेबलावर वाजवायच्या.

"ही महिनाभर का टिकती?"

"बाई, वाळलीय म्हणून. पाणी नसलं की जंतू वाढत नाहीत."

"बरोबर. आता सांगा, ही पहिल्यांदा केली त्या बाईला जंतू म्हाईत होते?"

पलीकडून नुसते बाक करकरल्याचे आवाज.

"तिला म्हाईत नव्हतं, तरी तिनं केली की. म्हंजे वस्तू आधी आली, कारण मागनं कळलं. आता हा बगा मोबाइल. हा असाच चुलीवर करता करता झाला का? न्हाय. हितं आधी कारण कळलं, मग वस्तू आली. ह्या दोगी एका घरातल्या जावा हायत. एक चूल पेटवती, दुसरी विचारती धूर का झाला. तिनं कारण सांगितलं की पयली चूल बदलती. मग नवा धूर. असं चालू हाय."

एवढं झाल्यावर भाकरीचे तुकडे करून वर्गात वाटायच्या. माझ्या वर्गातली मुलं वासानं अस्वस्थ व्हायची आणि माझी कविता तिथंच संपायची.

शनिवारी शेवटच्या तासाला बाईंची 'उघडणी' असायची. घरातली बंद पडलेली वस्तू आणायची, उघडायची आणि ती कशी चालत होती ते सांगायचं. इस्त्री, रेडिओ, घड्याळ, पाण्याची मोटर, काहीही. एकदा नववीतल्या इम्रान नावाच्या मुलाला घरात बंद पडलेलं काही सापडेना, म्हणून त्यानं आईचा चालू मिक्सर आणला. उघडला छान. लावताना मात्र गाडी अडली. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही त्याची आई थेट बाईंच्या घरी हजर.

"बाई, मेरा चालू मिक्सर खोल को रख दिया इसने! चटणी कायमें करूं मैं?"

बाईंनी चपला घातल्या आणि तिच्याबरोबरच तिच्या घरी गेल्या. इम्रानच्या शेजारी फरशीवर बसल्या, पण मिक्सरला हात लावला नाही. त्यालाच एकेक भाग लावायला लावला. संध्याकाळी मिक्सर सुरू झाला. शेंगदाण्याची चटणी झाली, बाईंना पुडी बांधून मिळाली. पण एक स्क्रू उरला.

"रहने दो बाई," इम्रानची आई म्हणाली. "चल रा ना, बस हो गया की!"

बाई चटणी घेऊन घरी आल्या, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा तिच्या दारात. तो स्क्रू तळाच्या पट्टीचा निघाला. नसता तरी मिक्सर चालला असता. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "चाललं म्हंजे झालं, हे वाक्य ऐकलं की मला रातभर झोप न्हाय बगा सर." हेच वाक्य हेडसरांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा असायचं. दोघं एका शाळेत इतकी वर्षं नांदली कशी, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

त्यांच्या फळ्याबद्दल सांगायलाच हवं. फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी एक चौकोन आखून घेतला होता. त्यावर लिहिलेलं: 'आज चुकलं'. तासात बाईंचं काही चुकलं, आणि मुलांनी ते दाखवून दिलं, की बाई तिथं स्वतःच्या अक्षरात चूक लिहायच्या आणि खाली सही करायच्या. आठवडाभर ती कुणी पुसायची नाही. बाकी शिक्षकांनी त्या वर्गात तास घेताना तेवढा कोपरा सोडून लिहायचं. मला हे पटायचं नाही. मी त्यांना म्हटलं, बाई, मुलांसमोर मान राहात नाही अशानं. तर म्हणाल्या, "तुमच्या कवितेत चुकायची सोय न्हाय सर, म्हणून तुमाला भीती वाटती." मला राग आला होता. दोन दिवस मी त्यांच्या चहात वाटेकरी झालो नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच तो चहा पुन्हा सुरू केला. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. एप्रिल महिना, दुपार, पंखा गरम हवा ढवळत होता. त्या एकदम म्हणाल्या, "एवढी वर्षं शिकवलं सर, पर एक गोष्ट साधली न्हाय. मी वर्गात असते तवर पोरं विचारतात, मोजतात, उघडतात. मी भाईर पडले की संपलं. माझ्या तोंडाकडं बगून विचारतात ती. मी नसताना विचारील अशी एक तुकडी तरी निघावी. एकच. ही शेवटची हाय." त्यांना असं हताश बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला वाईट वाटलं.

ही शेवटची तुकडी म्हणजे नववी संपवून दहावीत आलेली मुलं. त्यांचे उन्हाळ्यातले जादा वर्ग सुरू झाले होते. खाली परीक्षा चालू असल्यानं या वर्गांना वरची पत्र्याची खोली मिळाली होती. सोलापूरचा एप्रिल आणि डोक्यावर पत्रा. तिसऱ्याच दिवशी एका मुलाच्या नाकाचा घोळणा फुटला, शर्ट रक्तानं भिजला, आणि त्याच्या वडिलांनी येऊन हेडसरांच्या टेबलावर हात आपटला. हेडसर घाबरले. त्यांनी जाहीर केलं की सोमवारपर्यंत खोली बसण्यासारखी झाली नाही तर जादा वर्ग बंद. मुलांनी जूनमध्येच यावं. म्हणजे बाईंच्या हाती ही तुकडी जेमतेम पंधरवडाभर आली असती.

"खोली गार करू की," बाई म्हणाल्या. "पोरं करतील."

"बाई, एसी बसवायला..."

"एसी कोण म्हणतंय?"

आणि उघडणीचा तास रोजचा झाला. निळं प्लॅस्टिकचं पिंप आलं, त्याला करवतीनं खिडक्या पाडल्या गेल्या. प्रयोगशाळेच्या माळ्यावरचा जुना पंखा उतरला. इम्राननं कुठून तरी छोटी पाण्याची मोटर आणली. ती या वेळी खरोखर बंद पडलेली होती, हे त्याच्या आईकडून खात्री करून घेऊन मगच बाईंनी ती उघडू दिली. कूलरमध्ये भरतात ते गवत बाजारातून आलं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून मुलांनी आपापल्या बाटलीतलं उरलेलं पाणी पिंपात ओतायचं ठरलं. पाणी आणि वीज एकत्र आल्यामुळं बाईंनी एक कडक नियम केला. कूलर विजेला जोडायचा बोर्ड त्यांच्या पर्समध्ये. त्या वर्गात आल्याशिवाय वीज नाही. पर्स त्यामुळं इतकी फुगली की रुमालाचा विषयच संपला.

सोमवारी हेडसर आले, घोळणा फुटलेल्या मुलाचे वडील आले. मीही बघ्या म्हणून दारात. कूलर खोलीच्या कोपऱ्यात मांडलेला. बाई आत आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "खिडक्या लावा रे, झळा येतायत."

सोलापुरात उन्हाळ्यात दहा वाजले की घराची दारं-खिडक्या लावायची, पडदे ओढायचे आणि पाच वाजता उघडायची. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. जाड भिंतींची घरं त्यानं गार राहतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मुलांनी धावत जाऊन सगळ्या खिडक्या लावल्या. बोर्ड लागला, पंखा फिरला, गवतातून ओली गार हवा आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडसर म्हणाले, "वा! चाललं की. झालं मग!"

अर्ध्या तासात खोलीचा रंग बदलला. शर्ट पाठीला चिकटले. वह्यांची पानं मऊ पडली. ऊन नव्हतं, झळ नव्हती, तरी जीव नकोसा झाला. त्या मुलाचे वडील रुमालानं वारा घेत म्हणाले, "ह्यापेक्षा पत्रा बरा होता की ओ." हेडसरांनी घड्याळात बघितलं. बाई कूलरच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, मागं गेल्या, गवत चाचपून बघितलं. त्यांना कळत नव्हतं. पुढच्या बाकावरच्या मुलांना तर त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

तेव्हा राजेश्वरी उठली. विणकराच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी मुलगी. वर्गात ती फारशी बोलायची नाही, आणि बोलली तर बाकाकडं बघून.

"बाई, आमच्या कारखान्यात सूत तुटू नये म्हणून खाली पाणी मारतात. आणि ओल टिकायला पाहिजे म्हणून दारं लावतात."

"मग?"

"आपण पण पाणी मारलंय, दारं लावलीत. मग इथं पण ओल कोंडली असणार की. हवा भरली असणार. आता पाणी वाळणार कुठं?"

"असणार नको," बाई म्हणाल्या. "मोज."

दोन थर्मामीटर आणले. एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं. बाहेर गच्चीवरच्या सावलीत दोन्ही धरले, तर ओल्या फडक्याचा पारा पुष्कळ खाली गेला. तिथं पाणी भराभर वाळत होतं. खोलीत आणले, तर दोन्ही पारे जवळजवळ शेजारी-शेजारी उभे. आत पाणी वाळतच नव्हतं. मुलांनी मग कुणाला न विचारता कूलर ढकलत खिडकीत नेला, तोंड आत, पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडं. समोरची खिडकी सताड उघडली, कोंडलेली हवा बाहेर जायला. एप्रिलच्या भर दुपारी खिडकी उघडताना त्यातल्या दोघा-तिघांचे हात अडखळले, हे मी पाहिलं. थोड्या वेळानं खोलीत गार, मोकळी झुळूक फिरायला लागली. घोळणावाल्या मुलाच्या वडिलांनी रुमाल खिशात ठेवला.

बाई फळ्याकडं गेल्या. हेडसर उभे, पालक उभे, मी उभा. त्यांनी इथंही आखून घेतलेल्या कोपऱ्यातल्या चौकोनात लिहिलं: 'खिडक्या लावा म्हणाले. – बिराजदार.' मग वळून राजेश्वरीला म्हणाल्या, "तुज्या कारखान्यात दारं लावायची, हितं उघडायची. कारण एकच हाय. आज तू पुस्तकाचं नाव वाचलंस बग." राजेश्वरी बाकाकडं बघत हसली. हेडसर जिन्यात मला म्हणाले, बाईंनी पालकांसमोर लिहायला नको होतं. मी हो म्हटलं नाही. माझं मत तोवर बदललं होतं.

वर्ग चालू राहिले. सुट्टीनंतर जूनमध्ये शाळा भरली. दहावीचा वर्ग त्याच खोलीत राहिला. मुलांनीच हट्ट धरला. महिन्याच्या अखेरीस आभाळ दिवसेंदिवस भरून राहू लागलं, हवा दमट झाली, आणि वर्गात कुरकुर सुरू झाली. बाईंचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा सकाळी मुलं स्टाफरूमच्या दारात उभी.

"बाई, कूलर बिघडला. गार हवाच येत नाही."

मी कान टवकारले. आता थर्मामीटर निघणार, प्रश्न निघणार. बाईंनी मान तिरकी केली. "हौदा?" एवढंच म्हणाल्या. मग पर्समध्ये हात घालून तो जोडायचा बोर्ड काढला आणि राजेश्वरीच्या हातात दिला. "हा आता तुमच्याकडं. ओल्या हातानं लावलात तर परत येऊन मारीन." मुलं गेली. बाई हेडसरांच्या खोलीत कागदांवर सह्या करायला गेल्या. दिवसभर वर चढल्या नाहीत.

दुपारी खालच्या सभागृहात निरोप समारंभ. शाल, नारळ, हार. हेडसर बोलायला उभे राहिले. सगळे वर्ग बसलेले, फक्त दहावीची रांग रिकामी. बाईंची नजर दर मिनिटाला त्या रिकाम्या सतरंजीवर जाऊन येत होती. ज्या तुकडीसाठी एवढं केलं तीच नाही, हे त्यांना लागलं असावं; मला तर फार लागलं. हेडसरांनी मला खुणावलं, बघा जरा. मी तणतणतच जिना चढलो. आज तरी वेळ पाळायला नको का, असं त्यांना सुनवायचं ठरवून.

वरच्या पायरीवर आवाज ऐकू आले म्हणून दाराबाहेर थांबलो. कूलर खोलीच्या मध्यभागी, पार उघडलेला. बोर्ड भिंतीतून काढून बाजूला ठेवलेला.

"मोटर चांगली हाय," इम्रान सांगत होता. "पाणी वर चढतंय. पंखा फिरतोय. गवत बदललंय. मग बिघडलं काय?"

"हवाच ओली असणार आज," कुणीतरी म्हणालं.

"असणार नको," राजेश्वरी म्हणाली. "मोज."

खिळ्यावरचे दोन थर्मामीटर उतरले. फडकं भिजवलं गेलं. मुलं ते पलीकडच्या दारानं गच्चीवर घेऊन गेली, आणि सगळी डोकी त्यांच्याभोवती गोळा झाली. बाहेरही पाऱ्यांत फरक एवढुसाच. राजेश्वरी आत आली, फळ्यापाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि कोपऱ्यातल्या चौकोनात लिहिलं: 'कूलर बिघडला म्हणालो. कूलर चांगला आहे. हवेत जागा नाही. – दहावी.'

"पण मग पावसाळ्यात करायचं काय?" इम्रान म्हणाला. "हवेतलं पाणी आधी काढून घेतलं तर?"

"कशानं काढणार?"

आणि एकदम पाच-सहा जण बोलायला लागले.

त्यांना हाक मारावी म्हणून मी पुढं झालो, तर कोपराला कुणीतरी धरलं. माझ्यामागं पायरीवर बाई उभ्या होत्या. खांद्यावर शाल, काखेत नारळ. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी मान हलवून मला नको म्हणून खुणावलं. डोळे भरून आले होते. पदर हातात होता, पण पुसले नाहीत.

आम्ही आवाज न करता खाली आलो. हेडसर माईक हातात धरून वाट बघत होते.

"बाई, मुलं कुठायत? सुरू करायचं ना?"

"तुमी बोला की," बाई म्हणाल्या. "ती येतील सावकाश. तास चालू हाय त्यांचा."

आणि नारळ मांडीवर घेऊन त्या खुर्चीत नीट बसल्या.